फातिमाची जन्मतारीख



गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातली कॉलेजची पाच मुलं माझ्याकडे आली. त्यांना गटानं एक प्रकल्प करायचा होता. विषय होता फातिमा शेख, सावित्रीबाई फुल्यांच्या सहकारी. मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत. संशोधनातलं मला काय कळणार? पण पुस्तकांचं कपाट माझ्याच घरी, म्हणून आली.

काम त्यांनी वाटून घेतलं होतं. एकानं बालपण, एकीनं शाळा, एकीनं समाजाचा विरोध. पंधरा पानं तयार होती आणि शेवटी आठ संकेतस्थळांची नावं. मी विचारलं, "जन्म ९ जानेवारी १८३१, हे कशावरून?"

"चाचा, आठही ठिकाणी तेच आहे," शेजारची मुलगी म्हणाली.

मग आम्ही ते आठही मजकूर एकापुढे एक ठेवून वाचले. वाक्यं तीच, क्रम तोच. एका शब्दाची शुद्धलेखनाची चूकसुद्धा पाच ठिकाणी सारखी! म्हणजे साक्षीदार आठ नव्हतेच. एकजण बोलला होता आणि बाकीच्यांनी मान डोलावली होती. एका मुलानं फोनवर २०२२ सालचं गूगलचं चित्र दाखवलं. त्याच तारखेला झळकलेलं. पण गूगलनं ती तारीख कुठून घेतली, हे त्या चित्रात कुठं होतं?

माझे आजोबा हदीस सांगायचे, तेव्हा आधी नावं घ्यायचे. अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, त्यानं आणखी कुणाकडून. साखळीतला एक माणूस कच्चा निघाला, तर गोष्ट कितीही गोड असो, तिच्यावर भिस्त ठेवायची नाही. मुलांपैकी एकाचे वडील शेतकरी. तो म्हणाला, "सर, जमीन घेताना नुसता सातबारा बघत नाहीत, मागचे फेरफारही काढतात." माझ्यापेक्षा त्यानंच सोपं करून सांगितलं.

मग कपाटातून मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' काढलं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ते १९८८ साली छापलं. त्यात सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं जोतिरावांना लिहिलेलं पत्र आहे. आजारपणामुळं त्या नायगावला माहेरी होत्या. मागं फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भरवसा त्यांनी त्यात व्यक्त केला आहे. इतकंच. आडनाव नाही, जन्मतारीख नाही, भावाचं नाव नाही.

शेजारची मुलगी गप्प झाली. शाळेत असताना तिनं ९ जानेवारीला फातिमाबींवर भाषण केलं होतं, बक्षीसही मिळवलं होतं. "चाचा, मग उरलं काय?" तिनं विचारलं. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकारानं ही बाई आपणच कल्पनेतून उभी केल्याचा दावा केला, तेव्हाही ती अशीच रडवेली झाली होती. मी म्हटलं, "बेटा, त्याला उत्तर हेच पुस्तक. त्यानं उभी करण्याच्या कितीतरी आधी ती छापली गेलेली आहे." हे पत्र हातात असलं की ती नव्हतीच असं म्हणता येत नाही. आणि तिची तारीख माहीत आहे, असंही म्हणता येत नाही.

मुलांनी काम पुन्हा वाटून घेतलं, पण या खेपेला उलट. प्रत्येकानं दुसऱ्याचं पान तपासायचं. वहीत तीन रकाने पाडले: कोण म्हणतो, कधी म्हणाला, कशावरून म्हणतो. तिसरा रकाना भरेना, की ते वाक्य पेन्सिलीनं खोडायचं. एकानं संगणकाच्या कृत्रिम बुद्धीला विचारलं, तर तिनं एका ग्रंथाचं नाव पानासकट दिलं. दोन ग्रंथालयं धुंडाळली, असा ग्रंथच नाही! पंधरा पानांची सहा झाली. भांडणंही झाली, कारण खोडलेलं वाक्य कुणाचं ना कुणाचं असायचंच.

आता माझं सांगतो. फातिमाबींवर माझी एक कविता आहे. त्यात ती तारीख आहे, आणि तिसऱ्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काहीच नाही. मुलांना हे मी सांगितलं नव्हतं. शेजारच्या मुलीनंच संग्रह चाळताना ती ओळ शोधली आणि कडेला पेन्सिलीनं बारीक खूण केली.

जानेवारीत त्याच तारखेच्या कार्यक्रमाला मला बोलावलं आहे. मी जाणार आहे. ते पत्र घेऊन जाणार आहे. कविता वाचायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही.