आधी पत्ता, मग मजकूर

दारव्ह्याला आमच्या ओसरीवर बसून अब्बा मोहल्ल्यातल्यांची पत्रं लिहून देत. आधी पत्ता घालायचा, मग मजकूर, ही त्यांची रीत. एकदा जिनिंगवर कामाला असलेल्या एका पोराचं कार्ड पत्ता घालून पुढ्यात पडलं होतं. पोरगा पाणी प्यायला आत गेला, तेवढ्यात एक म्हातारी रडत आली. तिचा मुलगा वारला होता. ती सांगत गेली आणि अब्बांनी समोरच्याच कार्डावर उतरवून घेतलं. ते कार्ड पोराच्या आईबापांना पोचलं. दोघं ऊर बडवीत दारव्ह्याला आले, तर मुलगा कामावर!

पुण्यात संगणकाचं काम करणाऱ्या भाच्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मामू, आमच्याकडेही अगदी हेच होतं."

संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणानं कसं वागायचं, ते ठरवणारे आकडे त्याच्या पोटात नोंदलेले असतात. १९९२ साली आलेल्या पीसीआय पद्धतीत ते बदलायला सगळ्यांत मिळून दोनच खिडक्या. पहिलीत उपकरणाचा पत्ता द्यायचा, दुसरीत मजकूर. आता यंत्रात प्रोसेसर अनेक. एकानं पत्ता दिला, मजकूर देण्याआधी दुसऱ्यानं आपला पत्ता दिला, की पहिल्याचा मजकूर भलत्याच उपकरणात. तक्रार कोणी करत नाही, चालती डिस्क मात्र गप्प होऊ शकते.

म्हणून लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो दोन्ही खिडक्यांवर मिळून एक कुलूप ठेवतो. पत्ता आणि मजकूर होईस्तोवर दुसऱ्यानं थांबायचं. नव्या यंत्रांत प्रत्येक नोंदीला स्वतंत्र पत्ता देण्याची सोय आली आहे, पण जुनी वाटही अजून वापरात आहे.

मला वाटलं, झालं. भाचा म्हणाला, नाही. कुलूप हाती असतानाच त्याच प्रोसेसरला दुसऱ्या कामाची घंटा वाजली आणि त्या कामालाही तेच कुलूप हवं असलं, तर तो स्वतःचीच वाट पाहत कायमचा अडकतो. म्हणून तेवढा क्षण त्याच्यापुरती घंटाही बंद ठेवतात. क्षणच हं, जास्त वेळ ठेवली तर बाकीची कामं खोळंबतात.

त्या प्रसंगानंतर हातातलं कार्ड पुरं होईस्तोवर अब्बा अम्मीच्या हाकेलाही ओ देत नसत. आम्हा मुलांना वाटे, त्यांना ऐकू कमी येतं.