आपला माणूस लोकसभेला उभा राहतो तेव्हा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून मी चार शब्द बोलणार आहे. वर्धापनदिनाचा वक्ता म्हटला की पंचशील, बावीस प्रतिज्ञा, विहाराचे महत्त्व यावर बोलेल अशी आपली अपेक्षा असते. समितीने मला वेगळाच विषय दिला, आणि का दिला हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. आपल्याच तालुक्यातला एक तरुण लोकसभेला उभा राहायचे म्हणतो आहे. शिकलेला आहे, चळवळीत दहा-बारा वर्षे घातलेली आहेत. तो समितीकडे आला आणि त्याने दोन गोष्टी मागितल्या. एक, विहाराच्या लेटरहेडवर पाठिंब्याचे पत्र. दुसरी, बांधकाम निधीतून काही मदत. त्यावरून समितीत दोन तट पडले. परवाची बैठक चहा न घेताच उठली म्हणतात. आता आपल्याकडे बैठक चहा न घेता उठली म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते समजून घ्या!

मी त्या तरुणाचे नाव इथे घेणार नाही आणि कोणाला मत द्या हेही सांगणार नाही. त्याला कारण आहे. १९८८ साली संसदेने धार्मिक संस्थांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा कायदा केला. धार्मिक संस्थेची जागा राजकीय प्रचाराला वापरता येत नाही आणि तिचा पैसा राजकीय कामाला देता येत नाही, असे तो कायदा सांगतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मंदिर, मशीद, चर्च यांना जो कायदा, तोच आपल्या विहारालाही. कोणी म्हणेल, "बाकीचे काय कायदा पाळतात का?" नसतील पाळत. पण ज्याने संविधान लिहिले त्याचा फोटो भिंतीवर लावून आपण त्याच भिंतीखाली कायदा मोडायचा, हे मला पटत नाही.

आणि त्या पत्राने उमेदवाराचे भले होईल असेही समजू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे धर्माच्या किंवा जातीच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा, त्याच्या नावाने मत मागता येणार नाही. उद्या आपला माणूस निवडून आला आणि कोणी आपले पत्र घेऊन कोर्टात गेले, तर निवडून आलेली जागा जायची पाळी येईल. आपल्याच हाताने आपण त्याच्या पायावर धोंडा टाकायचा का?

मग पाठिंबा द्यायचाच नाही? असे मी म्हणत नाही. पाठिंबा कसा देतात हे या भंडाऱ्याच्या मातीला कोणी शिकवायला नको. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची हत्ती ही निशाणी. त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्य असत. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. देशाचा कायदामंत्री राहिलेला, घटनेचा शिल्पकार असलेला माणूस चौदा हजारांच्या वर मतांनी पडला. काँग्रेसचे नारायण काजरोळकर राखीव जागेवर निवडून आले. 'मते कुजवा' असा प्रचार झाला, ७४,३३३ मते वाया गेली, असे म्हणत बाबासाहेबांनी आणि अशोक मेहतांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. त्याचा उपयोग झाला नाही.

नंतर १९५४ साली आपल्या भंडाऱ्याची पोटनिवडणूक लागली. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि गोंदिया त्यातच होते. बाबासाहेबांची प्रकृती ढासळलेली होती, तरी ते उभे राहिले. हाही द्विसदस्य मतदारसंघ. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. त्या निवडणुकीत मत दिलेली माणसे आता नव्वदीच्या पुढची. फार थोडी उरली. पण त्यांच्याकडून ऐकलेली गोष्ट आपल्या घराघरांत आहे. कार्यकर्ते म्हणाले, बाबा, आपल्या लोकांनी एक मत तुम्हाला द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे तुम्ही नक्की याल. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. मत वाया घालवायला मी सांगणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले. बाबासाहेब राज्यसभेत होते, पण लोकसभेत ते कधीच जाऊ शकले नाहीत.

बंधूंनो, ही गोष्ट आपण नेहमी रडक्या सुरात सांगतो. मी ती वेगळ्या कारणासाठी सांगितली. ज्याला निवडून येण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याने निवडून येण्यासाठी एक सोपी वाट नाकारली. आणि आज आपल्याला लेटरहेड द्यावे की नाही एवढाच प्रश्न पडला आहे!

आता पैशाचे बोलतो. लोकसभेच्या अर्जाला अनामत रक्कम पंचवीस हजार. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला साडेबारा हजार, मग मतदारसंघ खुला का असेना. आपला भंडारा-गोंदिया खुलाच आहे. पण जातीचा दाखला जोडावा लागतो. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत १९९० साली घेतले, हे तरुणांनी विसरू नये. त्याआधी धम्म घेतला की तिथली सवलत गेली, अशी अवस्था होती. अपक्ष किंवा मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात, तेही याच मतदारसंघाचे मतदार. नऊ झाले तर छाननीत अर्ज बाद. प्रचाराच्या खर्चासाठी वेगळे बँक खाते, रोजच्या खर्चाची नोंदवही, निकालानंतर तीस दिवसांत हिशेब. हिशेब दिला नाही तर तीन वर्षे निवडणूक लढवता येत नाही. आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत तर डिपॉझिट जप्त. समजा बारा लाख मते पडली, तर दोन लाखांच्या वर पाहिजेत. सहा विधानसभा क्षेत्रे आहेत, तुमसरपासून अर्जुनी-मोरगावपर्यंत. एकट्या आपल्या वस्तीच्या जोरावर हे होणार नाही, हे उमेदवाराने आणि आपणही नीट समजून घ्यावे. कोहळी, पोवार, कुणबी, तेली, गोंड, मुसलमान, सर्वांच्या दारात जावे लागेल, आणि विहाराचे पत्र हातात घेऊन त्या दारात जाता येत नाही.

खर्चाची मर्यादा २०२२ पासून पंच्याण्णव लाख आहे. एवढे पैसे आपल्या पोराकडे कुठून येणार? बांधकाम निधीतले लाखभर रुपये देऊन तर त्यातले काहीच भागणार नाही. उलट विहाराचा स्लॅब मात्र अर्धा राहील. त्यापेक्षा ज्याला वाटते त्याने आपल्या खिशातून द्यावे. पन्नास रुपये द्या, शंभर द्या, पण पावती घ्या. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले, तिथे स्तूप सापडला. त्याच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. ज्याने दिले त्याचे नाव. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी पावती पुस्तक दगडात ठेवले होते म्हणा ना!

बरे, पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा. पुष्कळ उमेदवार सांगतात, "निवडून द्या, खासदार निधीतून विहाराला सभामंडप देतो." त्याला तिथेच थांबवा. वर्षाला पाच कोटींचा तो निधी आहे, पण त्याच्या नियमांत प्रार्थनास्थळांना पैसे देता येत नाहीत. जे देता येत नाही त्याचे आश्वासन देणारा माणूस एकतर नियम वाचत नाही, नाहीतर आपल्याला वाचता येत नाही असे समजतो. दोन्ही वाईट. त्या निधीत अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी पंधरा टक्के ठेवायचे असतात; ते कसे वापरणार, हे विचारा.

आणि विचारा, लोकसभेत जाऊन काय करणार? रस्ता, नाली, दिवा ही ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची कामे. बिडी कामगारांचा १९६६ चा कायदा संसदेने केला, त्यांच्या कल्याण निधीचा १९७६ चा कायदा संसदेने केला. आपल्या घराघरांत बाया बिड्या वळत होत्या, काही ठिकाणी अजूनही वळतात. त्यांच्या मजुरीचे काय? गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ला झाली; पवनीकडची गावे उठली; त्या माणसांचा प्रश्न दिल्लीत कोण मांडणार? कर्मवीर दादासाहेब गायकवाड १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर गेले, पुढे राज्यसभेत होते, आणि १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांनी खासदार असताना केला. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा, हीदेखील त्या सत्याग्रहाची मागणी होती. ते लागले १९९० मध्ये. तेव्हा दादासाहेब हयात नव्हते.

आणखी एक गोष्ट विचारा, जरा कडू आहे. १९९८ साली रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार महाराष्ट्रातून निवडून आले. प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले. चारही खुल्या जागांवर. आपण फटाके फोडले. वर्षभरात सरकार एका मताने पडले, लोकसभा बरखास्त झाली आणि चौघेही पुढे एकत्र राहिले नाहीत. तेव्हा त्या तरुणाला विचारा की तुझ्याच गटातला दुसरा कोणी उभा राहिला तर तू काय करशील? माघारीच्या शेवटच्या दिवशी कोणाच्या फोनची वाट बघशील? त्याचे उत्तर सर्वांसमोर घ्या, कोपऱ्यात घेऊ नका.

समितीला माझी विनंती एवढीच. पत्र देऊ नका. निधीला हात लावू नका. तसा ठराव आजच इतिवृत्तात लिहा आणि तो पुढे येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला दाखवा, मग तो आपला असो की परका. त्या तरुणाला बोलवायचे असेल तर रविवारी संध्याकाळी शाळेमागच्या मोकळ्या जागेत बोलवा, परवानगी काढून. सतरंज्या मात्र विहाराच्या नेऊ नका. त्याही विहाराच्या मालमत्तेतच येतात. प्रत्येकाने घरून बसायला काहीतरी आणावे. माझे स्वतःचे मत काय आहे, मी सूचक म्हणून सही करणार की नाही, हे ज्याला विचारायचे त्याने तिथे विचारावे. मी येणार आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!