हाताला कळलेली भिंत

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वारली, ठाकर, कातकरी कुटुंबांची जुन्या पद्धतीची घरं अजून दिसतात. त्यांची भिंत कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, बांबूच्या आडव्या कामट्यांनी त्या आवळायच्या आणि वर माती-शेणाचा लेप द्यायचा. माती वाळताना आकसते, तडकते. म्हणून तिच्यात भाताचं तूस किंवा पेंढा मिसळतात. कामटी कुठवर वाकते आणि कुठे मोडते, हे टोपली विणणाऱ्या हाताला आधीच ठाऊक असतं. तेच ज्ञान घर बांधताना कामी येतं.

वास्तुरचनाकारालाही असं हाताचं ज्ञान फार उपयोगी पडतं. नारी गांधींचंच पाहा. १९३४ साली जन्मलेले गांधी मुंबईच्या जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात शिकले, पुढे अमेरिकेत वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राईट यांच्याकडे राहिले आणि त्याच देशात कुंभारकामही शिकले. मायदेशी परतल्यावर ते नकाशांवर फारसे विसंबले नाहीत. जागेवर उभं राहून गवंडी-सुतारांच्या बरोबरीनं त्यांनी घरं घडवली. त्या घरांत दगड, वीट, लाकूड यांचा मूळ पोत उघडा दिसतो.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनो, संगणकावर भिंत एका रेषेत उभी राहते. ती ओल कशी धरते, भेग कुठे जाते, हे मात्र माती कालवल्यावरच उमजतं. येत्या सुट्टीत मातीकाम, सुतारकाम किंवा बुरूडकाम यांपैकी काहीतरी जाणत्या कारागिराकडे शिका. आणि हो, शिकवण्याचा योग्य मोबदला त्याच्या हाती ठेवा.