रविवारचा समुद्र आणि आमची वेगवान बोट
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे दिलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कुणी पाककृतींवर बोलते, कुणी प्रवासावर. यंदा कार्यवाहबाईंनी मला गाठले आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या बोटीवर बोला. शनिवार आला की तुम्ही दोघे पिशव्या भरून कुठे नाहीशी होता, याची सगळ्या गल्लीला उत्सुकता आहे." तेव्हा आज बोटीविषयी. श्रीमंतीचे प्रदर्शन म्हणून नव्हे, हे सुरुवातीलाच सांगते. खर्चाचा आकडा ऐकलात म्हणजे आम्हांला श्रीमंत म्हणण्याऐवजी वेडे म्हणाल.

आमची बोट तीस फुटांची. पुढे नाळेकडे बसकी केबिन आहे. तीत दोघांना निजण्यापुरती जागा, एक शेगडी, हात धुण्याचे भांडे आणि अगदी चिमुकले संडासघर. उभे राहिले की डोके छताला लागते. पिछाडीला दोन इंजिने टांगलेली. अशा बोटी साध्या बोटीसारख्या पाणी कापत जात नाहीत. वेग आला की त्या पाण्यातून वर उचलल्या जातात आणि पाण्याच्या पाठीवरून घसरत जातात. मुले तळ्यात चपटा दगड भिरकावतात आणि तो टप्पे घेत जातो ना, त्यातलाच प्रकार.

पण दगड चपटा असला तरी बोट चपटी असून भागत नाही. सपाट तळाची बोट प्रत्येक लाटेवर पाट आपटावा तशी आपटते. माणसाच्या कमरेचे नि बोटीच्या सांध्यांचे हाल होतात. यावर अमेरिकेत रे हंट नावाच्या आराखडाकाराने उपाय काढला. तळ नाळेपासून पिछाडीपर्यंत विळीच्या पात्यासारखा दोन्ही बाजूंनी उतरता ठेवायचा, म्हणजे बोट लाट कापत खाली येते. डिक बर्ट्राम या गृहस्थाने तशी बोट बांधवून 1960 साली मायामीहून नसाऊपर्यंतच्या शर्यतीत उतरवली. समुद्र खवळलेला होता. ही बोट सुमारे आठ तासांत पोचली आणि बाकीच्या बहुतेक दुसऱ्या दिवशी! त्या बोटीचे नाव होते 'मॉपी', आणि ते त्याच्या बायकोचे लाडके नाव. (आमच्या बोटीला माझे नाव नाही. मीच नको म्हटले. उद्या "ती पुन्हा बंद पडली" असे हे चारचौघांत सांगू लागले तर!)

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईशीही आहे. सॉनी लेव्ही हा जगप्रसिद्ध वेगवान बोटींचा आराखडाकार कराचीत जन्मलेला इटालियन. 1950 नंतरच्या काळात तो मुंबईत वडिलांच्या कारखान्यात बोटींचे काम करीत होता. पुढे तो इटलीला गेला आणि 1963 साली इंग्लंडातील काउज ते टॉर्की ही शर्यत त्याने स्वतः रेखाटलेल्या बोटीतून जिंकली. आणि बायकांनी यात काय केले म्हणाल, तर बेटी कुक या अमेरिकन बाईंनी 1977 आणि 1979 अशी दोनदा खुल्या समुद्रातील शर्यतींची जागतिक अजिंक्यपदे मिळवली आहेत.

आता खर्च. आमची बोट चांगल्या वेगात, म्हणजे ताशी पंचवीस सागरी मैलांनी, चालू लागली की मैलामागे साधारण साडेतीन लिटर पेट्रोल पिते. गेटवेपासून मुरूड-जंजिरा सुमारे चाळीस सागरी मैल. जाऊन येऊन दोनशे ऐंशी लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी अठ्ठावीस हजार रुपये, दोन दिवसांचे! शिवाय टाकीत तेवढेच भरून निघायचे नसते. एक भाग जायला, एक भाग यायला आणि एक भाग राखीव, असा बोटवाल्यांचा जुना दंडक आहे. तो राखीव भाग म्हणजे घरातल्या डब्यात दडवलेले पैसे. हात लावायचा नाही. त्याखेरीज बोट बांधण्याचे भाडे, विमा, तांडेलांचा पगार, तळाला चिकटणारे शिंपले खरवडून रंग देणे आणि मे महिन्याअखेरीस क्रेनने उचलून पावसाळाभर ताडपत्रीखाली ठेवणे. बोटीच्या किमतीचा दहावा हिस्सा दरसाल लागतो असे म्हणतात. आमच्या वहीत तो त्याहून थोडा जास्तच निघतो. गेल्या हंगामात बोट चौदा वेळा सुटली. एका फेरीला काय पडले याचा भागाकार मी केला आहे, पण तो येथे सांगत नाही. हे समोर बसले आहेत.

म्हणून कुणी विचारले तर मी सांगते की आधी दोनतीन हंगाम भाड्याने घेऊन पाहा, किंवा चार कुटुंबे मिळून एक घ्या. मांडव्याला जायचे एवढेच असेल तर प्रवासी बोटीचे तिकीट काढावे. 2020 पासून तर भाऊच्या धक्क्यावरून मोटारसुद्धा बोटीत घालून नेता येते.

मग आम्ही का ठेवली? सकाळी सहाला सुटावे, प्रॉंग्सचे दीपगृह मागे पडावे आणि पाऊणएक तासात खांदेरीचा किल्ला पाण्यातून वर यावा, यासाठी. 1679 साली शिवाजी महाराजांनी तेथे तटबंदी सुरू केली आणि मुंबईकर इंग्रजांनी ती अडवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात तो गेला. पण त्या बेटाने इंग्रजांची झोप का उडवली हे पुस्तकात वाचून कळत नाही. बोटीतून मागे वळून मुंबई केवढी जवळ दिसते ते पाहिले की कळते.

आता जे सांगायला मी खरे तर उभी राहिले, ते सांगते. माझ्या सासूबाई अलिबागकडच्या. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांच्या गावची किती घरे त्यात बसली! आमची बोट आली तेव्हा सासूबाई तीत पाऊल ठेवायला तयार नव्हत्या. मी त्यांना भित्र्या म्हटले नाही. त्यांचे भय मी नियमांत घातले.

पहिला नियम, बोटीत पाय ठेवण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट, आणि मुलांचे मुलांच्या मापाचे. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर एक वेगवान बोट भर दुपारी, स्वच्छ उजेडात आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. संकट आल्यावर जाकीट शोधायला वेळ मिळत नाही. दुसरा, इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटे तळातला पंखा चालवायचा. पेट्रोलची वाफ आपल्या सिलिंडरच्या गॅससारखीच हवेपेक्षा जड; ती खाली साचून राहते. गॅसचा वास आला असता आपण दिव्याचे बटण दाबतो का?

तिसरा नियम वाऱ्याचा. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, समुद्र तळ्यासारखा असतो. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा उठतो आणि मुंबईकडे परतताना तो थेट तोंडावर येतो. मला विचाराल तर रविवारची संध्याकाळ ही सर्वांत धोक्याची वेळ, कारण सोमवारी कचेरी असते. दोन वर्षांपूर्वी रेवदंड्याला आमच्याबरोबर आलेले एक पाहुणे असेच हटून बसले. सोमवारी सकाळी त्यांची बैठक होती. हेही डळमळू लागले. मी केबिनमधल्या पिशव्या काढून सरळ किनाऱ्यावर नेल्या आणि म्हटले, एस.टी. मिळते. पाहुणे रस्त्याने गेले, आम्ही राहिलो आणि सोमवारी पहाटे शांत पाण्यातून आलो. पाहुणे अजून थोडे रागावलेले आहेत.

चौथा नियम खास बायकांसाठी. अशा बोटीत बहुधा पुरुष सुकाणूवर आणि बायको डबे उघडण्यास, अशी वाटणी असते. समुद्रात सुकाणूवरच्या माणसाच्याच छातीत कळ आली तर? म्हणून मी हट्टाने शिकले. इंजिन बंद कसे करायचे, नांगर कसा टाकायचा, होकायंत्रावर घरचा रस्ता कसा धरायचा, बिनतारी यंत्रावर 16 क्रमांकाच्या वाहिनीवर हाक कशी द्यायची, आणि तटरक्षक दलाचा 1554 हा दूरध्वनी. दोन सुट्ट्यांत हे सारे येते. भरतीचा हिशेब तर तांडेलमामांनी मला दोन मिनिटांत शिकवला. तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. उधाण आणि भांग भिंतीवरच्या पंचांगात दिसतात. नक्की वेळ अर्थात छापील कोष्टकातून घ्यायची, पण अंदाज चुकत नाही. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, तेथे ओहोटीला शिरू नये.

तांडेलमामांकडूनच आणखी एक शिकलो. कोळ्यांची लहान होडी दिसली की वेग कमी करायचा. आपल्या बोटीमागे उठणाऱ्या लाटेने त्यांची होडी डोलते, जाळे विस्कटते. आपली ती मौज, त्यांचे ते पोट. शिवाय तरंगत्या डब्यांखाली जाळी असतात. ती पंख्यात गुंतली तर नुकसान दोघांचेही.

बोट लागते त्यांच्यासाठी दोन शब्द. उपाशी निघू नये आणि तळलेलेही खाऊ नये. दशमी, आलेपाक, लिंबू बरोबर ठेवावे. केबिनमध्ये जाऊन आडवे पडण्याचा मोह आवरावा. वर वाऱ्यावर बसून लांब क्षितिजाकडे पाहावे.

नारळी पौर्णिमा झाली आणि समुद्र निवळला की ज्यांना यायचे त्यांनी यावे. एका वेळी सहा जणी, त्याहून जास्त नाही. पेट्रोलचा भार आमच्याकडे, डब्यांचा तुमच्याकडे. सुटसुटीत पोशाख आणि न घसरणारी पायताणे असावीत. नावे कार्यवाहबाईंकडे द्यावी, आणि जाकिटासाठी प्रत्येकीने आपले वजन खरे लिहावे.