तापीकाठी एक दिवस

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात चार शब्द सांगण्याचा मान मंडळाने मला दिला, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. मी विद्वान वक्ता नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यानंतर शाळेत घालविलेली हयात, एवढेच माझे भांडवल. या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, हुंडा, वसतिगृह अशा गंभीर विषयांवर व्याख्याने झाली आहेत. त्या मानाने माझा आजचा विषय कित्येकांस हलका वाटेल. सारे कुटुंब मिळून एक दिवस नदीकाठी कसा घालवावा, हा तो विषय होय.

परंतु थोडा विचार केला, तर हा विषय दिसतो तितका हलका नाही. आपली कुटुंबे एकत्र येतात ती लग्नात किंवा दहाव्या-तेराव्याला. दोन्ही प्रसंगी पुरुष मांडवात बसतात आणि स्त्रिया स्वयंपाकघरात राबतात. आजोबा-नातू यांची भेट घाईगर्दीत होते. सहलीस जायचे म्हटले, तर पुरुषमंडळी आपल्या मित्रांसह जातात. सहकुटुंब जायचे झाले, तर कर्ज काढून दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी जातात. आपल्या मुलांनी मुंबईची चौपाटी पाहिलेली असते; मात्र ज्या तापीच्या पाण्यावर आपल्या केळीबागा पोसल्या, ती तापी त्यांनी पुलावरून धावत्या गाडीच्या खिडकीतूनच काय ती पाहिलेली असते.

म्हणून प्रथम या नदीविषयी दोन शब्द. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे तापी उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेपलीकडे खंबातच्या आखातास मिळते. महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेस वाहतात. आपली तापी पश्चिमेस वाहते. वऱ्हाडातून येणारी पूर्णा तिला आपल्या जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ मिळते. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या दक्षिणेकडील नद्या आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर, गोमाई इत्यादी नद्या तिच्यात येऊन मिसळतात. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. कागदावर खानदेशाचे तीन तुकडे झाले असले, तरी तिन्ही जिल्ह्यांची नदी एकच आहे.

आता जळगावकडील कुटुंबांसाठी मी जी एक दिवसाची योजना सुचवितो, ती मुक्ताईनगर-चांगदेवची. काळ कार्तिक ते माघ हा निवडावा. वैशाखात भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि श्रावण-भाद्रपदात नदीचा भरवसा नसतो. महाशिवरात्रीस चांगदेवला मोठी यात्रा भरते. दर्शनास जावयाचे असेल त्याने यात्रेत जावे. पण लहान मुले आणि वृद्ध माणसे यांच्यासह शांतपणे दिवस घालवावयाचा असेल, तर यात्रेचे दिवस टाळणे बरे.

सकाळी सहाच्या सुमारास जळगाव सोडावे. भुसावळवरून नागपूरच्या महामार्गाने मुक्ताईनगर गाठावे. याच गावाचे पूर्वीचे नाव एदलाबाद. जवळच कोथळी येथे मुक्ताबाईंचे जुने मंदिर आहे. आषाढीसाठी पंढरपूरला जाणारी मुक्ताईची पालखी याच परिसरातून निघते. तेथे दर्शन आणि न्याहारी आटोपून उन्हे चढण्यापूर्वी चांगदेवला जावे. तापी-पूर्णेच्या संगमावर काळ्या दगडाचे चांगदेवांचे प्राचीन मंदिर उभे आहे. ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या भिंतींवरील कोरीव काम मुलांनी सावकाश पाहावे, वहीत त्याची चित्रे काढावीत. मात्र दगडावर नाव कोरणे, ओट्यावर चूल मांडणे असले प्रकार कोणी करू नयेत.

या ठिकाणी मुलांस एक कथा अवश्य सांगावी. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास घेतले. परंतु वयाने लहान आणि ज्ञानाने थोर अशा पुरुषास आशीर्वाद लिहावा की नमस्कार लिहावा, हे न कळल्याने कागद कोराच पाठविला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाल्या, की इतकी वर्षे जगूनही हा योगी कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांत जे उत्तर दिले, ती चांगदेवपासष्टी होय. पुढे याच चांगदेवांनी मुक्ताबाईंस गुरू केले. परंपरा असे सांगते, की शके १२१९ मध्ये, म्हणजे सन १२९७ मध्ये, तापीतीरी विजेच्या लोळात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या.

बंधूंनो, या कथेचा आपल्या सहलीशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे. ज्या भूमीत एका वयोवृद्ध योग्याने एका मुलीपुढे मान लवविली, त्या भूमीत सहलीस जाताना घरातील मुलीस व सुनेस तिचे मत विचारू नये, हे आपणांस शोभत नाही. कोठे जावयाचे, केव्हा निघावयाचे, कोणता पदार्थ न्यावयाचा, हे आपण पुरुषच बैठकीत ठरवितो. परिणाम असा होतो, की सहलीच्या आदल्या रात्री सूनबाई बारापर्यंत डबे भरते, पहाटे चारला उठते, तेथे जाऊन पंगत वाढते, आणि परत आल्यावर भांडी घासते. तिच्या दृष्टीने सहल म्हणजे स्वयंपाकघराची जागा बदलणे. यास कुटुंबाची सहल म्हणणे सत्यास धरून होणार नाही.

यावर आपल्या खानदेशातच एक सोपा उपाय आहे, आणि तो आपणां सर्वांच्या आवडीचा आहे. हिवाळ्यात शेतात भरिताचा बेत होतो. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजणे, ती सोलणे, मिरची-लसणासह ठेचणे ही कामे त्या दिवशी बहुधा पुरुषमंडळीच करतात, आणि मोठ्या हौसेने करतात. तोच शिरस्ता सहलीस लावावा. मंदिरापासून दूर, एखाद्या परिचित शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या शेतात चूल मांडावी, अथवा वरण-बट्टीचा बेत करावा. भाकरी गावातील एखाद्या गरजू भगिनीकडून मोल देऊन करून घ्याव्यात. वाढप मुलांकडे द्यावे. आणि पहिल्या पंगतीस घरातील स्त्रियांस बसवावे. एक दिवस हा क्रम उलटला म्हणून आभाळ कोसळत नाही. उलट घरातील तोंडावळे किती खुलतात, हे आपण करून पाहावे.

जेवणानंतर दोन तास विसावा. वृद्धांसाठी सतरंजी, पाठीस टेकावयास लोड, आणि पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. स्त्रियांसाठी व वृद्धांसाठी स्वच्छतागृहाची सोय कोठे आहे, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. ही गोष्ट संकोचामुळे कोणी बोलत नाही, आणि मग आजी दिवसभर पाणी पीत नाही. उन्हे कलल्यावर सर्वांनी काठावर यावे. हतनूर धरणाचा फुगवटा येथपर्यंत पसरलेला असल्याने पात्र एखाद्या सरोवरासारखे दिसते. हिवाळ्यात या जलाशयावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. संस्कृत काव्यात वाचलेला चक्रवाक मुलांस प्रत्यक्ष दाखविण्याची ही संधी आहे. पाचच्या सुमारास परतीस निघावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दर वर्षी कोठल्या तरी नदीवर सहलीस गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि विसरतो. फुगवट्याचे पाणी शांत दिसते, म्हणूनच ते फसवे असते. त्याखाली जुन्या काठाचे उतार दडलेले असतात; गुडघाभर पाण्यात उभा असलेला मुलगा एक पाऊल पुढे टाकताच डोक्यापर्यंत खाली जातो. पाणी ओसरलेल्या जागी गाळ असतो, त्यात पाय रुततो. धरणाच्या खालच्या बाजूचा धोका वेगळा. हतनूरास ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले, की कोरडे दिसणारे पात्र पाहता पाहता भरते. यास्तव धरणाखाली पात्रात उतरूच नये.

शाळेच्या सहली नेताना माझा एक नेम असे: निघताना, जेवताना, पाण्याजवळून हलताना आणि गाडीत बसताना मुले मोजावयाची, आणि पाण्याच्या काठी दर पाच मुलांमागे एक मोठे माणूस ठेवावयाचे. त्या माणसाने त्या वेळी गप्पा मारावयाच्या नाहीत, आणि आता असे म्हणावे लागेल, की हातातील फोनही पाहावयाचा नाही. घरच्या सहलीत बारा मोठी माणसे असतात. प्रत्येकास वाटते, की दुसरा कोणी मुलांकडे पाहत असेल. म्हणून नावानिशी काम नेमून द्यावे. होडीत बसावयाचे असेल, तर प्रत्येकास तरंगता अंगरखा मिळत असेल तरच बसावे.

सोबत पंधरा-वीस मीटरचा बळकट दोर आणि झाकण घट्ट बसविलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन न्यावा. कोणी पाण्यात सापडल्यास पोहता न येणाऱ्याने उडी घालू नये; त्याने एकाच्या जागी दोन जीव जातात. काठावर आडवे होऊन दोर, काठी, लुगडे, जे हाती येईल ते फेकावे. दोरास बांधलेला कॅन तरंगतो आणि धरावयास आधार होतो. बाहेर काढलेल्या मनुष्यास उलटे टांगणे अथवा त्याचे पोट दाबणे ही जुनी रीत घातक आहे. श्वास चालत नसेल, तर उताणे निजवून तोंडाने श्वास द्यावा, छातीच्या मध्यभागी जोराने व भराभर दाब देत राहावे, आणि दुसऱ्याने तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे शिक्षण मंडळाने एखाद्या डॉक्टर सभासदाकडून सर्व तरुणांस द्यावे, अशी माझी विनंती आहे.

धुळ्याकडील बंधूंस चांगदेव दूर पडेल. त्यांच्या शहरातून वाहणारी पांझरा मुडावदजवळ तापीस मिळते. तेथे कपिलेश्वराचे मंदिर आहे. शिरपूर-शहाद्याकडील कुटुंबांस तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे सोयीचे. केदारेश्वर आणि संगमेश्वर यांची मंदिरे असलेल्या या क्षेत्रास दक्षिण काशी म्हणतात. तेथेच १९५४-५५ च्या सुमारास झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातील वस्तीचे अवशेष मिळाले. हजारो वर्षांपूर्वीही माणसाने घर बांधण्यास हाच काठ निवडला होता, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारल्याखेरीज राहणार नाहीत.

जपानातील योकोहामा बंदराची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात ते शहर उद्ध्वस्त झाले. पडलेल्या घरांचा राडारोडा तेथील लोकांनी समुद्रकाठी भरावास घातला आणि त्यावर यामाशिता नावाची बाग उभारून ती १९३० साली लोकांस खुली केली. आज तेथे आजी-आजोबा आणि नातवंडे समुद्राकडे पाहत बसतात. जवळच १९६१ पासून हिकावा मारू ही जुनी आगबोट मुलांना पाहण्यासाठी नांगरून ठेवली आहे. त्या लोकांनी घरांच्या ढिगाऱ्याची बाग केली. आपण मात्र देवाच्या संगमावर पत्रावळी, प्लास्टिकचे पेले आणि निर्माल्य टाकून घरी येतो. नेलेला कचरा परत आणण्यासाठी एक पोते न्यावे, याहून मोठे पुण्यकर्म त्या दिवशी दुसरे नाही.

खर्चाचा प्रश्न निघेल. एस.टी.च्या साध्या फेऱ्यांनी प्रवास केल्यास ७५ वर्षांवरील वृद्धांस २०२२ पासून विनामूल्य आणि स्त्रियांस २०२३ पासून अर्ध्या तिकिटात जाता येते. तरीही आपल्या समाजात काही कुटुंबे अशी आहेत, की ज्यांना एक दिवसाची मजुरी बुडविणे परवडत नाही. ती वर्गणी मागितली, की कामाचे निमित्त सांगून घरी राहतात; आणि आपण म्हणतो, त्यांना हौस नाही. मुले शाळेत इतरांच्या सहलीची वर्णने ऐकून मान खाली घालतात, हे मी वर्गात उभा राहून पाहिले आहे.

म्हणून शेवटी मी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. दर वर्षी मार्गशीर्षातील एक रविवार तापीकाठच्या सामुदायिक सहलीसाठी राखावा. तिची व्यवस्था पाहणाऱ्या समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात. वर्गणी बंद पाकिटात ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावी. कोणी किती दिले, हे वहीत लिहू नये आणि स्मरणिकेत छापू नये. वसतिगृह बांधण्यास लाखो रुपये लागतात. या कार्यास एक दोर, एक पोते, काही सतरंज्या आणि थोडे मनाचे मोठेपण एवढेच लागते.