मॉरिशसचा ससाणा



डोडो पक्षी मॉरिशस बेटावरून नाहीसा झाला, हे आपण शाळेतच वाचलेले असते. त्याच बेटावरच्या एका छोट्या ससाण्याविषयी आम्ही आज बोलणार आहोत. हिवाळ्यात माळावर एका जागी पंख फडफडवीत थांबणारी खरूची आपण पाहिली असेल. तिचाच हा भाऊबंद. हा मात्र रानात राहतो आणि झाडांवरच्या हिरव्या पाली टिपतो. १९७४ साली रानात याचे अवघे चार पक्षी ठाऊक होते.

असे का झाले? रान तुटले, ऊस आला. त्या उसात कोकणातून गेलेल्या आपल्या माणसांचाही घाम आहे. माणसाबरोबर आलेली माकडे, मुंगुसे, मांजरे घरट्यांपर्यंत पोचली. पुढे हिवतापावर डीडीटी फवारले गेले. त्याने शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होते. पण फवारणाऱ्यांना दोष कसा द्यावा? त्या तापाने बेटावर हजारो माणसे मेली होती. १९७३ साली बेट हिवतापमुक्त ठरले. आम्ही तरी दोष देणार नाही. मात्र त्या हिशेबात ससाण्याचे खाते कोणी उघडलेच नव्हते.

१९७९ साली कार्ल जोन्स नावाचा वेल्श तरुण तेथे गेला. त्याने काय करावे? घरट्यांतली अंडीच काढून घेतली! उरल्यासुरल्या जोड्यांची अंडी पळवायची, हे ऐकून कोणालाही राग येईल. पण पहिली अंडी गेली तर मादी पुन्हा घालते, हे तो जाणून होता. काढलेली अंडी यंत्रात उबवली, पिल्ले हाताने भरवली, रानात सोडल्यावरही त्यांना उंदीर पुरवले. पूर्वेकडच्या बांबू डोंगरांतून ससाणा पार गेला होता. १९८७ पासून तेथेही तो सोडला. १९९४ पर्यंत एकूण ३३१ पक्षी सोडले गेले.

येथे टाळ्या वाजवाव्यात असे आपल्याला वाटेल. पण पुढे देखभालीचा हात आखडला, संख्या घटली आणि २०१४ साली हा पक्षी पुन्हा संकटग्रस्तांच्या यादीत गेला. पक्षी आणला, पण रान कोठून आणणार? चांगले मूळ रान शेकडा दोनही उरलेले नाही. जुन्या झाडांच्या ढोलीत तो घरटे करी. ती झाडे राहिली नाहीत, म्हणून माणसांनी लाकडी पेट्या टांगल्या. त्यांतल्या कितीतरी पेट्यांत तो खरोखरच नांदला.