दुष्टचक्र कशाला म्हणावे?

(नागपूर येथे अहवाललेखनाच्या वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी राज्यकारभाराची भाषा झाली आणि इंग्रजी टिपणीतील अनेक शब्दप्रयोग मराठी वेष घेऊन आपल्या अहवालांत आले. ‘व्हिशस सर्कल’ हा त्यांपैकी एक. त्याचे ‘दुष्टचक्र’ हे रूपांतर इतके रुळले आहे की, कोणतीही जुनी अडचण दिसली की लेखणी आपसूक तिकडे वळते.

येथे ‘व्हिशस’ म्हणजे क्रूर नव्हे; मूळ लॅटिन अर्थ सदोष. जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरणाऱ्या युक्तिवादाला तर्कशास्त्रात हे नाव होते. आपल्या न्यायशास्त्रातही याच जातीचा ‘चक्रक’ दोष सांगितला आहे. ‘दुष्ट’ आणि ‘दोष’ एकाच धातूचे. सदोष हेतूला नैयायिक ‘दुष्ट हेतू’च म्हणतात. तेव्हा भाषांतर नेमके आहे, ढिलाई वापरात आहे. (इंग्रजीत ‘सर्कल’ की ‘सायकल’, हा वाद इंग्रजीवाल्यांनी घालावा, मराठीत ‘चक्र’ दोहोंना पुरते.)

रॅग्नर नर्कसे यांनी १९५३ मध्ये दारिद्र्याची मीमांसा याच कल्पनेने केली. उत्पन्न कमी म्हणून बचत कमी, म्हणून भांडवल कमी, म्हणून उत्पादकता कमी आणि म्हणून पुन्हा उत्पन्न कमी. कार्य फिरून कारण बनते, ही दुष्टचक्राची खूण.

दर पावसाळ्यात नाल्यावरील पूल पाण्याखाली जातो, हे दुष्टचक्र नव्हे. पुलाची उंची अपुरी आहे, तसेच लिहावे. ‘दुष्टचक्र’ म्हटले की जबाबदारी कोणाचीच उरत नाही आणि उंची वाढविण्याचा प्रस्ताव मागे पडतो.

याउलट काटोल-नरखेडचा संत्रापट्टा पाहा. बाग जगविण्यासाठी शेतकरी कर्ज काढून कूपनलिका खोल नेतो. सर्वांनीच तसे केले की भूजल आणखी खाली जाते, विहिरी आटतात. कर्ज फेडावयाचे तर बाग मोडता येत नाही. म्हणून पुन्हा कर्ज, पुन्हा अधिक खोल कूपनलिका. येथे हा शब्द चपखल बसतो.

मात्र तो लिहून थांबू नये. चक्राची प्रत्येक कडी लिहावी आणि ती कोणाच्या हाती आहे तेही नोंदवावे: विहीर पुनर्भरणाची ग्रामपंचायतीच्या, ठिबक सिंचनाची शेतकरी व कृषी खात्याच्या, कर्जाची बँकेच्या.